अकरा तारखेचा चाकू

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. कलमवाल्याची बायको दोन पिशव्या भरून लेकीकडे गेली ती तीन-चार महिने तिकडेच राहिली. घरात उरला कलमवाला आणि त्याचे एकतीस चाकू. निघताना दारात चपला पायात सरकवत ती म्हणाली, "मजाच आहे आता तुमची. मी तिकडे दोन सांभाळते, तुम्ही इकडे एकतीस सांभाळा."

"माझं एकही रडत नाही," तो म्हणाला.

"रडत नाहीत, पण पुसावं त्यांनाही लागतं." आणि चार पावलं गेल्यावर मागे वळून, "तो साहेबाने दिलेला पिवळा चाकू आणि बाटली कपाटावर ठेवलीय. नेत जा आठवणीने."

"नेतो."

कलमवाल्याचं चाकूंचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं. चाकू सगळे घडीचे, खिशात मावणारे, कुठल्या ना कुठल्या लोहाराने हाताने घडवलेले, साध्या पोलादाच्या पात्याचे. कारखान्यातला एकही नाही. कोणाच्या अडगळीत, कोणाच्या शिवणाच्या डब्यात, एक तर चक्क एका खाटकाच्या म्हातारीच्या उशीखाली त्याला सापडला होता. तो विकत घेत नसे. चाकू दिसला की मालकाच्या परसात जाऊन एखादं झाड कलम करून द्यायचा आणि बदल्यात चाकू मागायचा. खाटकाच्या म्हातारीसाठी त्याने दोन दिवस लाकडं फोडली होती.

एकतीस झाले तेव्हा तो थांबला. तारखेला एक. बियाणाच्या जुन्या कपाटाचा एक चपटा खण त्याने त्यांच्यासाठी केला होता, आत जाड लोकरी कापड, आणि रोज सकाळी तोंड धुतलं की तारखेप्रमाणे एक चाकू उजव्या खिशात जायचा. दिवसभराचं सगळं त्याच चाकूने. काडी तासणं, दोरी कापणं, फळ सोलणं, पायातला काटा काढणं. महिना तीस दिवसांचा असला की एकतिसाव्या चाकूची पाळी हुकायची, तर त्याला वाईट वाटून तो एक तारखेला दोन चाकू घेऊन निघायचा. फेब्रुवारी संपला की एक मार्चला खिसा असा लोंबायचा की बायको म्हणायची, "आज नांगर पण न्या सोबत."

मुलूख नासपतीच्या बागांचा. हिवाळा सरत आला, फांद्यांवरचे डोळे अजून फुगले नाहीत, असे चार-पाच आठवडे त्याच्या कामाचे. जुन्या झाडाची फांदी उतरवायची, उरलेल्या खुंटाला चीर द्यायची आणि त्या चिरेत नव्या जातीची काडी बसवून बांधायची. काडीचं टोक पाचरीसारखं तासायचं, तेही एका ओढीत. दोनदा ओढलं की तासलेला भाग सपाट राहत नाही आणि काडी धरत नाही. पंचावन्नाव्या वर्षीही त्याची काडी शंभरात पंच्याण्णव धरायची. डावा गुडघा दुखायचा, घोडीवर, म्हणजे उभ्या शिडीवर, चढताना तो कण्हायचा, पण हात तसाच होता.

त्या वर्षी करपा आला होता. आदल्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या बागांत कोवळे शेंडे जळाल्यासारखे काळे पडून खाली वाकले होते, आणि हिवाळ्यात तो रोग सालीखाली दडून बसला होता. झाडांच्या खात्याचा एक तरुण साहेब आला. सगळ्या छाटणीवाल्यांना आणि कलमवाल्यांना त्याने गोदामात बोलावलं, प्रत्येकाला पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीचा, न गंजणाऱ्या पात्याचा एक चाकू आणि ब्लीचिंगच्या पाण्याची एक बाटली फुकट दिली.

"एक झाड कापलं की पातं बुडवायचं," साहेब म्हणाला. "मगच दुसऱ्याला लावायचं. करवत असो, कात्री असो, चाकू असो. रोग तुमच्या पात्यावर बसून फिरतो."

कलमवाला मागून म्हणाला, "साहेब, हे पाणी पोलादाला खातं. साधं पातं एका दिवसात गंजेल."

"म्हणून तर हा दिला ना."

"याला धार टिकत नाही. काडी एका ओढीत निघत नाही."

साहेब हसला. "काका, चाकू मोठा का बाग मोठी?"

गोदामभर लोक हसले. एक छाटणीवाला तर मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, "साहेब, त्यांना विचारू नका. त्यांच्या घरी एकतीस नवरदेव आहेत!" कलमवालाही हसला, पण त्याचे कान तापले होते. घरी आल्यावर त्याने पिवळा चाकू वेष्टणाचा कागद न काढताच हातात तोलून पाहिला आणि बायकोला म्हणाला, "हा घे. सरकारी जावई. बसून खाईल नुसता." तरी त्याने एक केलं. नऊ तारखेचा चाकू, जो सगळ्यांत साधा होता, तो संध्याकाळी घरच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, पुसून ठेवला. सकाळी पात्यावर तपकिरी ठिपके आले होते, म्हाताऱ्याच्या हातावर येतात तसे. दगडावर घासूनही गेले नाहीत. खाली खड्डे पडले होते. त्याने चाकू खणात परत ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं. बायको गेल्यावर पिवळा चाकू कागदासकट कपाटावरच राहिला.

अकरा तारखेला सकाळी त्याला शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या बागेत जायचं होतं, पूर्वेकडे. दुपारनंतर दादाकडे. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वडील गेल्यानंतर जमीन वाटून घेतली तेव्हा ओढ्याकडची चाळीस झाडं दादाच्या वाट्याला आली होती आणि धाकट्याने झाडांऐवजी घर मागून घेतलं होतं.

अकरा तारखेचा चाकू सगळ्यांत चांगला. शिंगाची मूठ, हाताच्या उबेने पिवळी पडलेली, आणि पातं झिजून झिजून अर्ध्या रुंदीवर आलेलं. ज्या म्हाताऱ्याकडे तो पोरगा असताना कलमं शिकला, त्याचा तो चाकू. म्हातारा गेल्यावर त्याच्या लेकीने तो द्यायला अकरा वर्षं लावली. अकरा वर्षं तो दर हिवाळ्यात तिची झाडं कलम करून द्यायचा आणि जाताना नुसतं विचारायचा, "ताई, आहे ना तो अजून?" शेवटी ती म्हणाली, "घेऊन जा बाबा. तुझं येणं थांबेल तरी."

बाईंच्या बागेत गार वारा होता, बोटं वळत नव्हती. त्याने दोन जाड फांद्या करवतीने उतरवल्या. एकीच्या बुडाशी साल बसकी झालेली, काळपट. त्याने चाकूच्या टोकाने ती साल उचलली. खाली ओलसर, तांबूस लाकूड. चिकट. त्याला कळलं. त्याने बाईंना हाक मारून दाखवलंही.

"काढून टाका सगळं," बाई चष्मा वर करून म्हणाल्या. "आणि ते पाणी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

बाटली घरी होती, पण बाईंनीही बादलीत ब्लीचिंगचं पाणी कालवून ठेवलं होतं, त्यात त्याने करवत बुडवली, चांगली पाचदा. करवतीचं काय, दर वर्षी नवी. चाकू मात्र त्याने तेलाच्या फडक्याने पुसला. दोन्ही बाजूंनी, पाठ आणि टोकही, नेहमीपेक्षा जास्त वेळ. फडकं त्याच खिशात घातलं, चाकू मिटून वर ठेवला. जेवला. मग सायकलीला घोडी बांधून दादाकडे निघाला.

दादाच्या बागेत पोचला तेव्हा वहिनीचा भाऊ आधीच येऊन बसला होता. शेजारच्या गावात त्याची छोटी रोपवाटिका होती. सगळे त्याला रोपवाला म्हणत. बहिणीपेक्षा सात वर्षांनी लहान, बडबड्या, दात थोडे पुढे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काड्यांचं जुडगं त्याने मांडीवर लहान पोरासारखं धरलं होतं.

"या, कलमवाले," तो म्हणाला. "आज कोण आलंय खिशात?"

"अकरा तारीख."

"म्हणजे शिंगवाला! वा. माझ्या काड्यांचं भाग्य उजळलं." त्याने गोणपाट उलगडलं. "बघा. एकेक बोटाएवढी, डोळे भरलेले. माझ्या हातच्या झाडांच्या. दाजींना म्हटलं, चार वर्षांत ही बाग ओळखू येणार नाही तुम्हाला."

वहिनी चहाची किटली घेऊन आली. "याचं ऐकू नका, भाऊजी. लहानपणी हा आंब्याची कोय लावून त्याला टरबूज येईल म्हणायचा."

"आलं असतं," रोपवाला म्हणाला, "तूच पाणी घातलं नाहीस."

दादा पहिल्या ओळीच्या टोकाला उभा होता. हातात बादली, बादलीत ब्लीचिंगचं पाणी. त्याने स्वतःच कालवलं होतं आणि वासाने त्याचे डोळे लाल झाले होते. दादा कमी बोलायचा. भावाची घोडी त्याने उतरवून घेतली, पाय रोवून पाहिले आणि विचारलं, "बाईंकडून आलास?"

"हो."

"तिकडे करपा आहे म्हणतात."

"आहे थोडा."

"हत्यारं बुडवलीस?"

"बुडवली," कलमवाला म्हणाला.

करवत बुडवली होती. तेवढंच त्याच्या मनात होतं, आणि तेवढं खरं होतं. दादाने मान हलवली आणि बादली पुढे सरकवली. कलमवाल्याने करवत बादलीत घातली. चाकू खिशातून काढून उघडला आणि काडी तासायला घेतली. एका ओढीत. सालीचा पापुद्रा नागमोडी निघून पायाशी पडला.

"काय हात आहे," रोपवाला बहिणीला म्हणाला.

अंधार पडेपर्यंत पहिली ओळ झाली, दहा झाडं. दर झाडाला दादा बादली पुढे करायचा, करवत तो बुडवायचा, आणि चाकू बुडवायची वेळ आली की दादाची पाठ असायची, नाहीतर तो चाकू मांडीला पुसत वर चढलेला असायचा. दुसऱ्या दिवशी बारा तारखेचा चाकू घेऊन तो आला. काळ्या लाकडाच्या मुठीचा, दोरखंडवाल्याकडून मिळालेला. दुसरी आणि तिसरी ओळ झाली. त्याच जुडग्यातल्या काड्या. चौथ्या ओळीला हात लावायचा नव्हता, ती जुन्या जातीचीच ठेवायची होती. तेराला तो दुसरीकडे गेला.

फुलोरा आला आणि गेला. काड्या फुटल्या, बोटभर हिरवे कोंब, मग वीतभर. दादा रोज सकाळी दात घासत पहिल्या ओळीतून चक्कर मारायचा. एका सकाळी तो चूळ न भरताच धाकट्याच्या दारात उभा राहिला, ओठांवर पांढरं तसंच.

"चल," तो म्हणाला.

पहिल्या ओळीतले दहाच्या दहा कोंब काळे पडून मान टाकून बसले होते. जणू कोणी जळतं लाकूड ओळीने फिरवलं होतं. काहींच्या देठावर मधासारखा थेंब आला होता. दुसरी ओळ हिरवी. तिसरी हिरवी. दोघे भाऊ पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे उभे राहिले. डावीकडे काळं, उजवीकडे हिरवं. कलमवाल्याचा हात खिशात होता. त्या दिवशी सव्वीस तारीख होती.  दादाने दुसऱ्या ओळीतला एक कोंब दोन बोटांत धरून पाहिला, सोडून दिला, आणि घराकडे चालू लागला.

कलमवाल्याने आठ दिवस स्वतःला सांगितलं की माश्यांनी आणला असेल. मधमाश्या आणतात, साहेबच म्हणाला होता. पण फुलांवर बसणारी माशी अशी मोजून एक ओळ घेत नाही. आठ दिवसांत दुसऱ्या ओळीतही दोन शेंडे वाकले, मग तिसरीत, मग जुन्या चौथ्या ओळीत. वारा, माश्या, पाऊस, सगळ्यांनी मिळून ते पसरवलं. आता बाहेरून आलेल्या माणसाला बागेकडे बघून काही कळलं नसतं.

साहेब आला, बघून गेला, म्हणाला काढा सगळी. मग माणसं जमली. अंगणात छाटणीवाला होता, शेजारपाजारचे बागवाले होते, आपापल्या बागांची भीती घेऊन आलेले. कुठून आला, कुठून आला, एवढंच चाललं होतं. कोणीतरी म्हणालं, काड्या कुठल्या? दादा ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "काड्या मेव्हण्याच्या."

रोपवाला निरोप मिळताच सायकल मारत आला होता, सदरा पाठीला चिकटलेला. तो म्हणाला, "दाजी, माझ्या झाडांवर एक डाग नाही. या ना, आत्ता दाखवतो. सगळेच चला."

"तुझ्या काड्यांनी बाग गेली," दादा म्हणाला. आवाज चढवला नाही.

"मी सांगतो ना, दाजी..."

"काड्या घातल्या तीच ओळ आधी जळली."

रोपवाल्याने सगळीकडे पाहिलं. मग कलमवाल्याकडे वळला. "कलमवाले, तुम्ही बोला. तुम्ही एकेक काडी हातात घेतली होती. तासली होती. आत कसं लाकूड होतं? पांढरं होतं की नाही?"

सगळे कलमवाल्याकडे बघायला लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. त्याने बोलायचं ठरवलं होतं की नव्हतं, ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. पांढरं होतं. हिरव्या रेघेचं, रसरशीत, पांढरं. तो म्हणाला, "दिसायला बरं होतं. पण आतला रोग डोळ्यांना कुठे दिसतो."

रोपवाल्याचे पुढचे दात ओठावर टेकले. तो म्हणाला, "बरं." एवढंच. सायकल उचलली. वहिनी दोन पायऱ्या उतरून पुढे आली तर दादा म्हणाला, "आत जा." ती उभी राहिली, आत गेली नाही, पण पुढेही आली नाही. रोपवाला निघून गेला. छाटणीवाला त्याच्या पाठीवर म्हणाला, "टरबूज पिकवायला निघाला होता." आणि एकदोघे हसले.

झाडं काढायला बारा दिवस लागले. मुळांसकट काढायची होती. दादा, कलमवाला, वहिनी आणि रोजंदारीचे दोघे. पहार घालून बुंधा हलवायचा, मुळं कुऱ्हाडीने तोडायची, दोर बांधून ओढायचा. कलमवाल्याने दादापेक्षा दुप्पट काम केलं. तळहाताचे फोड फुटले तरी थांबला नाही. गुडघा एवढा सुजला की संध्याकाळी सायकलवर टांग टाकता येईना. वहिनी फांद्या ओढून जाळाकडे न्यायची. धूर तिच्या डोळ्यांत जायचा, त्यामुळे ती कधी रडत होती आणि कधी नव्हती, कळत नव्हतं. एकदा पाण्याचा तांब्या देताना ती म्हणाली, "बास करा, भाऊजी. तुमच्या हाताला काही झालं तर कलमं कोण बांधणार?"

बायको परत आली ती दोन नातवंडांच्या गोष्टी तोंडात मावेनात अशी. तिसऱ्या दिवशी कपाट पुसताना तिने पिवळा चाकू खाली काढला. कागद तसाच. बाटलीचं झाकण फिरवून पाहिलं. सील फोडलेलं नव्हतं. ती त्या दोन्ही वस्तू घेऊन परसात आली. तो दगडावर धार लावत होता.

"अहो."

त्याने वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं.

"हे फोडलेलंसुद्धा नाही."

"नाही."

तिने दोन्ही वस्तू दगडाशेजारी ठेवल्या. मग शेजारी पायरीवर बसली. "दादांना सांगा."

"सांगतो."

"त्या बिचाऱ्याच्या रोपवाटिकेत आता कुत्रं फिरकत नाही. आज सांगा."

"सांगतो म्हटलं ना."

आज, उद्या करत उन्हाळा गेला. रोपवाल्याची रोपं कोणी घेईना. साहेबाने तपासून चिठ्ठी दिली की रोग नाही, तरी घेईनात. पुढच्या हिवाळ्यात त्याने रोपवाटिका मोडली आणि तो लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला लागला. इकडे दादाच्या घरात त्याचं नाव निघणं बंद झालं. वहिनी माहेरी जायची बंद झाली. एकदा तिने विषय काढला होता. दादा ताटावरून उठला. तिने परत काढला नाही.

कलमवाल्याने एक मात्र केलं. पुढच्या हिवाळ्यापासून तो बाटली घेऊन जायला लागला, आणि प्रत्येक झाडाला चाकू बुडवायला लागला. पिवळा नाही. तारखेचाच. एकेका हंगामात पाती ठिपक्यांनी भरली, मग खड्ड्यांनी, मग बिजागऱ्या अडकायला लागल्या. अकरा तारखेचं पातं आधीच झिजलेलं, ते दुसऱ्या हिवाळ्यात टोकाशी तुटलं. त्याने तुटका चाकूही अकराला खिशात घालणं सोडलं नाही. बागवाले एकमेकांना सांगायचे, कलमवाला बघा, केवढा जपतो. साहेबाने गोदामातल्या सभेत त्याला पुढे बोलावून उभं केलं आणि म्हणाला, "शिका यांच्याकडून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो हात कुठे ठेवावे ते न कळून उभा राहिला. घरी येऊन जेवला नाही.

बायको आता म्हणत नसे, सांगा. ते त्याला जास्त लागायचं.

चौथ्या वर्षी, फळं उतरवायचे दिवस होते, तेव्हा वखारीतला एक माणूस सांगत आला की रोपवाला दवाखान्यातून घरी आणलाय. छातीत पाणी. डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. निरोप वहिनीला मिळाला. तिने दादाला विचारलं आणि दादा म्हणाला, "काय करायचंय जाऊन." कलमवाला तेव्हा दादाच्या ओसरीवर शेजारच्या बागेतल्या फळांच्या पेट्या बांधत होता. वहिनी आत गेली. त्याने सुतळीची गाठ मारली आणि ती कापायला चाकू उघडला, तर बिजागरी गंजलेली, पातं अर्ध्यावर अडकलं. त्याने सुतळी दातांनी तोडली.

दादा ओढ्याकडे गेला तसा तो मागून गेला. तिथे नवीन लावलेली झाडं कमरेएवढी झाली होती. दादा आळ्यातलं गवत उपटत उकिडवा बसला होता.

"दादा, मला बोलायचंय."

"बोल."

"काड्या चांगल्या होत्या."

दादाने गवताची मूठ झटकली, माती पडू दिली.

"मी चाकू बुडवला नव्हता. बाईंकडून आलो तो तसाच. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

कलमवाला खाली बसला. गुडघा दुमडेना म्हणून पाय पसरून, लहान मुलासारखा.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पहिली ओळ जळली तेव्हा शेजारी दुसरी हिरवी होती. त्याच जुडग्यातली." दादाने पुढचं गवत धरलं. "बारा तारखेला तू काळ्या मुठीचा आणला होतास. मी बघतोच की रोज. तू लहान होतास तेव्हापासून बघतोय, आज याच्या खिशात काय आहे."

"मग त्याच्यावर का घातलंस?"

दादाने ते उपटून बांधावर टाकलं. ओढ्यात पाणी कमी होतं, आवाज नव्हता.

"अंगणात वीस माणसं," तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं असतं तर तुला कोणी झाडाला हात लावू दिला असता? दुसरं येतं काय तुला? तो काय, मेव्हणा. तरुण. म्हटलं, दोन वर्षांत लोक विसरतील. मी पण बोलवीन परत."

"मग बोलावलं का नाहीस?"

"तू कुठे बोललास?" दादा पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "मी वाट बघत होतो. म्हटलं, आज येईल, उद्या येईल. तू सांगितलंस की मग आपण दोघे जाऊ त्याच्याकडे. तू आला नाहीस. मग मलाच ते सोयीचं पडायला लागलं."

 कलमवाला म्हणाला, "वहिनींना?"

"तू सांग. माझ्याने होणार नाही. मी तिच्या तोंडावर चार वर्षं खोटं बोललोय, तू निदान गप्प होतास."

वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा सोलत होती. दाणे परातीत, फोलं मांडीवरच्या फडक्यात. तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता, गोदामातलं हसणंसुद्धा. दादाला माहीत होतं, हे सांगताना तो अडखळला, पण तेही सांगितलं. तिचे हात मधेच थांबले नाहीत. सांगून झालं तेव्हा दोनतीन शेंगा उरल्या होत्या, त्या तिने सोलल्या.

"त्याने तुम्हाला विचारलं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. दुसऱ्या कोणाला नाही विचारलं त्याने."

"हो."

"त्याला वाटलं, हातात काडी धरणारा माणूस खोटं कसं बोलेल."

तिने फडक्यातली फोलं चुलीजवळ झटकली, हात धुतले, लुगडं सारखं केलं आणि चपला घातल्या. पिशवीत काही घेतलं नाही. दादा तोपर्यंत अंगणात आला होता, हात मातीने भरलेले.

"मी येऊ का?" तो म्हणाला.

ती त्याच्या बाजूने निघून गेली. फाटकाची कडी तिने स्वतः लावली. दादा आणि धाकटा अंगणात उभे राहिले. गाडीची वेळ चारची होती, तिला अर्धा मैल चालायचं होतं, आणि ती भरभर चालली होती, हे दोघांनाही फाटकावरून दिसत होतं.

कलमवाला दुसऱ्या दिवशी गेला. वखारीच्या मागे, त्याच्या राहत्या खोलीत, रोपवाला खाटेवर उशांना टेकून बसला होता, कारण आडवं पडलं की श्वास लागायचा. वहिनी पायाशी बसून त्याचे पाय चेपत होती. पायांवर सूज होती, बोट दाबलं की खड्डा राहायचा. रोपवाल्याने पाहिलं आणि ओळखलं.

"कलमवाले," तो म्हणाला. दोन शब्दांमधे थांबावं लागत होतं. "आज किती तारीख?"

"सतरा."

"सतराचा कुठला?"

कलमवाल्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. तिने भावाला सांगितलं होतं की नव्हतं, हे त्याला कळेना. तो म्हणाला, "आणला नाही आज." मग खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "लाकूड पांढरं होतं. तुमच्या काड्यांचं. एकदम पांढरं होतं."

रोपवाला त्याच्याकडे बघत राहिला. दात ओठांबाहेर होते, गाल आत गेलेले. "ते मला माहीतच होतं की," तो म्हणाला. "ते तिकडे सांगायचं होतं." आणि मग त्याला खोकला आला, वहिनी उठली, तिने त्याला पुढे वाकवून पाठीवरून हात फिरवला, आणि खोकला थांबेपर्यंत कलमवाला बाहेर ओंडक्यांपाशी जाऊन उभा राहिला. त्याला परत आत बोलावलं गेलं नाही.

घरी येऊन त्याने छाटणीवाल्याला, बाईंना, शेजारच्या बागवाल्यांना, ज्याच्या त्याच्या दारात जाऊन सांगितलं. छाटणीवाला म्हणाला, "अरे सोड, केव्हाची गोष्ट." बाईंनी पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या माणसाला बोलावलं. आणखीही काहींनी बोलावलं नाही. वहिनी दोन महिन्यांनी परत आली, पण दादाशी कामापुरतं बोलायची आणि धाकट्या दिराला चहा त्याच्याच बायकोच्या हाती पाठवायची.

रोपवाला वारला तो कलमवाला भेटून आला त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, वीस तारखेला. दादा त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यात.